अलाइनमेंटच्या आधी टायर वाचा : जुन्या गाडीच्या तपासणीचा क्रम

व्हील अलाइनमेंटचं दुकान टाकायचं ठरवलंय? मग मशीनच्या आधी हा धडा पक्का करा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात घोडेगावच्या बाजारात कांदा नेणारे, संगमनेरकडे दूध गोळा करणारे जुने पिकअप आणि छोटे टेम्पो भरपूर आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "गाडी ओढते, अलाइनमेंट करून द्या." लगेच गाडी मशीनवर चढवू नका. सांधे ढिले असतील तर मशीनवर आकडे बरोबर दिसतात, पण भरलेली गाडी खड्ड्यातून गेली की चाक पुन्हा जागा सोडतं. नवा टायर खाल्ला जातो आणि नाव दुकानाचं खराब होतं. म्हणून क्रम असा ठेवा.

१. आधी विचारा. गाडी कायम ओढते की फक्त ब्रेक मारल्यावर? ब्रेक मारल्यावरच ओढत असेल तर आधी ब्रेक तपासा. ठरावीक वेगालाच स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम बघा.

२. टायर वाचा. टायर थंड असताना हवा मोजा, मग झीज बघा :

- दोन्ही कडा झिजल्या : हवा कमी किंवा माल जास्त.
- मधला पट्टा झिजला : हवा जास्त.
- एकच कड झिजली : कॅम्बर किंवा टो बिघडलेला, नाहीतर सांधा ढिला.
- तळहात आडवा फिरवल्यावर एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने करवतीसारखं : टो चुकलाय. हात जपून फिरवा, तार बाहेर आलेली असू शकते.
- जागोजागी खळगे : शॉकअप, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग.

झीज १.६ मिलिमीटरच्या खुणेला, म्हणजे टीडब्ल्यूआयला टेकली असेल तर टायर बदलायलाच सांगा.

३. चाक हलवून बघा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. खेळ असेल तर टायरॉड एंड आणि स्टेअरिंगचे सांधे तपासा. मग वर-खाली धरून हलवा. इथला खेळ बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा असतो. पुढे सरळ अ‍ॅक्सल असेल तर किंगपिनचा. मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर सांधा.

४. टायर अदलाबदल. हवा सारखी, सांधे घट्ट, तरी गाडी ओढते? पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून चालवून बघा (बाण असलेले एकाच दिशेचे टायर असतील तर नको). ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.

आता अलाइनमेंट करा आणि शेवटी गाडी स्वतः चालवून बघा.

या तपासणीचे पैसे वेगळे लावा आणि दर बोर्डावर लिहा. समजा, तपासणीचे २०० रुपये. काही जण कुरकुर करतील. त्यांना त्यांच्याच टायरची झिजलेली कड दाखवा आणि दोन नव्या टायरचा खर्च सांगा. ढिला सांधा सापडला आणि गिऱ्हाईक "आज नको" म्हणालं, तर ते बिलावर लिहून सही घ्या. टायरॉड एंड निसटला तर स्टेअरिंग हातात राहतं आणि चाक भलतीकडे जातं, हे स्पष्ट सांगा. एका अलाइनमेंटचे पैसे बुडाले तरी चालतील.

गृहपाठ : या आठवड्यात ओळखीच्या पाच जुन्या गाड्यांचे टायर बघा. आधी कारण वहीत लिहा, मगच मेकॅनिकला विचारा. पाचातली चार उत्तरं जुळली की मशीनचं कोटेशन मागवा.