वायफाय बंद पडले, तर दोष कोठे शोधावा?

व्यापारी व कारागीर बांधवांसाठी एक सोपी तपासणी

व्यापाराचा हिशोब आता वहीत कमी आणि लॅपटॉपवर जास्त राहू लागला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हापासून नोंदणी असलेल्या लहान दुकानदारालाही विवरणपत्र इंटरनेटवरूनच भरावे लागते. दरमहा विवरण देणाऱ्याला जीएसटीआर-३बी साठी पुढील महिन्याची २० तारीख, तर तिमाही पद्धत निवडलेल्या महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला तिमाही संपल्यावर पुढील महिन्याची २२ तारीख ठरलेली आहे. तारीख चुकली की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. कराची रक्कम शून्य असली तरी दिवसाला २० रुपये सुटत नाहीत. कर थकला असेल तर त्यावर वार्षिक १८ टक्के व्याज वेगळेच. नांदेडहून देगलूरमार्गे तेलंगणात जाणारा माल ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल, तर ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ऐन अशा वेळी लॅपटॉपवर नेट चालेनासे झाले की दुकानदार घाबरतो.

घाबरलेला माणूस खर्च आधी करतो आणि तपासणी नंतर. कोणी नवा राउटर आणतो, कोणी जास्त वेगाची योजना घेतो, कोणी चांगला चालणारा लॅपटॉप काढून टाकतो. पैसे जातात आणि दोष होता तेथेच राहतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की दोष कोणत्या टप्प्यात आहे हे आधी ठरवावे आणि खिशात हात त्यानंतर घालावा. हे ठरवायला इंजिनिअर लागत नाही. घरातील एक मोबाइल आणि दहा मिनिटांचा वेळ पुरतो.

नेटची वाट चार टप्प्यांची

मालाची पेटी हरवली तर आपण काय करतो? दुकानातून निघाली का, ट्रान्सपोर्टवर पोहोचली का, गाडीत चढली का, समोरच्या गोदामात उतरली का, असे टप्प्याटप्प्याने विचारतो. नेटचेही तसेच आहे. पहिला टप्पा आपला लॅपटॉप. दुसरा टप्पा लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधील हवा. यालाच वायफाय म्हणतात. तिसरा टप्पा राउटर आणि तेथून कंपनीपर्यंत जाणारी तार. चौथा टप्पा म्हणजे आपण जे संकेतस्थळ उघडू पाहतो ते दूरचे ठिकाण.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय ही फक्त घरातल्या घरातील बिनतारी जोडणी आहे. म्हणूनच कधीकधी वायफायच्या सर्व रेषा भरलेल्या दिसतात आणि तरी एकही पान उघडत नाही. अशा वेळी दुसरा टप्पा ठीक आहे आणि बिघाड पुढे आहे, असा त्याचा बहुधा अर्थ होतो.

मोबाइलने करावयाच्या तीन परीक्षा

पहिली परीक्षा : लॅपटॉप जेथे आहे तेथेच उभे राहून मोबाइल त्याच वायफायला जोडावा. मोबाइलचा स्वतःचा डेटा आधी बंद करावा, नाहीतर मोबाइल गुपचूप आपल्या डेटावर पान उघडतो आणि आपली फसगत होते. मोबाइलवर पान सहज उघडले, तर राउटर आणि तार ठीक आहेत. दोष लॅपटॉपचा आहे.

दुसरी परीक्षा : त्या जागी मोबाइलवरही पान उघडले नाही, तर मोबाइल घेऊन राउटरच्या शेजारी जावे. तेथे उघडले तर दोष मधल्या हवेचा, म्हणजे अंतराचा व भिंतींचा आहे. तेथेही उघडले नाही, तर राउटर किंवा त्यापुढील तार यांची तपासणी करावी.

तिसरी परीक्षा : मोबाइलचा डेटा सुरू करून त्याचा हॉटस्पॉट लावावा आणि लॅपटॉप त्याला जोडावा. लॅपटॉप हॉटस्पॉटवर नीट चालला, तर त्याचे वायफायचे यंत्र चांगले आहे असे समजावे. शेवटच्या तारखेला काम अडले असेल, तर याच हॉटस्पॉटवर विवरणपत्र भरून मोकळे व्हावे. त्याला डेटा फार लागत नाही. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी करता येते.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर

सर्वांत आधी विमानाचे चिन्ह असलेली एअरप्लेन मोड ही सोय चुकून सुरू झाली आहे का ते पाहावे. काही लॅपटॉपवर वायफायसाठी वेगळी कळ असते, जुन्यांवर कडेला सरकते बटण असते. लेकरांच्या हातून ते बंद होते आणि मोठे लोक दिवसभर शोधत बसतात.

राउटर नवा बसवला किंवा पासवर्ड बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पासवर्ड धरून बसतो. वायफायच्या यादीतील ते नाव ‘फर्गेट’ करून पुन्हा नव्याने जोडावे. नव्या राउटरवर सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवला असेल, तर कित्येक जुने लॅपटॉप जोडलेच जात नाहीत. राउटर बसवणाऱ्याला डब्ल्यूपीए-२ चालू ठेवण्यास सांगावे. जोडणी उघडी मात्र कधीही ठेवू नये.

वायफायचे नाव मोबाइलवर दिसते पण लॅपटॉपवर दिसत नाही, याची दोन कारणे वारंवार आढळतात. ते नाव ५ गिगाहर्ट्झचे असते आणि जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते. किंवा राउटर १२ वा १३ क्रमांकाच्या चॅनलवर असतो आणि काही लॅपटॉप ११ च्या पुढे पाहतच नाहीत.

नेट थोड्या थोड्या वेळाने तुटत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटची खूण काढावी. ती खूण असली की बॅटरी वाचवण्यासाठी विंडोज वायफाय बंद करू शकते. सगळे करून थकल्यावर ‘नेटवर्क रीसेट’ करावे. त्याने साठवलेले पासवर्ड पुसले जातात, म्हणून ते आधी लिहून ठेवावेत.

जुन्या लॅपटॉपचा आणखी एक दोष फसवा असतो. त्यातील नाण्याएवढी सीमॉस बॅटरी संपली की लॅपटॉप बंद करताच त्याची तारीख मागे जाते. तारीख चुकीची असली की बँकेची आणि जीएसटीची सुरक्षित पाने उघडत नाहीत, आणि आपण नेटला दोष देतो. म्हणून कोपऱ्यातील तारीख आणि वेळ जरूर पाहावी. बॅटरी स्वस्तात बदलून मिळते. लॅपटॉपमधील वायफायचे यंत्रच खराब झाले असेल, तरी नवा लॅपटॉप लागत नाही. यूएसबीच्या खाचेत बसणारा छोटा वायफाय अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो.

दोष हवेत असेल तर

आमच्या मराठवाड्यात या टप्प्याकडे विशेष पाहिले पाहिजे, कारण आमची घरेच तशी आहेत. जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन फूट जाड आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जड भिंती माणसांवर कोसळल्या. त्यानंतर लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटची बांधकामे वाढली. वायफायच्या लहरींना मात्र जाड दगडही अडवतो आणि सळ्यांचा स्लॅबही अडवतो. पत्रा तर त्यांना परतच पाठवतो. लोखंडी कपाट, दुकानाचे शटर आणि पाण्याची भरलेली टाकी यांचाही अडथळा होतो.

नांदेडच्या इतवाऱ्यात काय किंवा लातूरच्या बाजारात काय, खाली दुकान आणि वर घर अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते. राउटर दुकानात, शटरजवळच्या कोपऱ्यात, कपाटावर ठेवलेला असतो आणि लॅपटॉप वरच्या खोलीत असतो. मध्ये स्लॅब आणि लोखंड. येथे वेग वाढवून घेऊन काही साधत नाही. राउटर जिन्याच्या मोकळ्या जागेत, छातीच्या उंचीच्या वर, उघड्यावर ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर वरपर्यंत लॅनची तार ओढून तेथे दुसरा राउटर लावावा. तारेने जोडलेला दुसरा राउटर हा हवेतूनच सिग्नल उचलून पुढे देणाऱ्या रिपीटरपेक्षा भरवशाचा असतो.

दुसरी अडचण गर्दीची. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी २००५ साली परवान्यातून मुक्त झाल्या, त्यामुळे कोणीही वायफाय लावू शकतो. ही सोय झाली, पण गर्दीही झाली. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. त्या सर्वांनी एकाच दारातून जायचे ठरवले तर काय होईल? २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांत न मिसळणारी दारे तीनच आहेत : चॅनल १, ६ आणि ११. दाट बाजारात प्रत्येकाचा राउटर याच तीन दारांशी झोंबतो. मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा याच लहरींवर चालते, म्हणून शेजारी बेकरी किंवा हॉटेल असेल तर ठरावीक वेळी नेट अडखळते. राउटरच्या सेटिंगमध्ये तीनपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडावा. लॅपटॉप नवा असेल आणि राउटर त्याच खोलीत असेल, तर ५ गिगाहर्ट्झ वापरावे. त्याचा वेग जास्त व गर्दी कमी, पण भिंतीपलीकडे त्याचा जोर लवकर ओसरतो.

दोष राउटरमध्ये किंवा तारेत असेल तर

फायबरच्या राउटरवरील दिवे वाचायला शिकावे. ‘पॉन’ लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर असला पाहिजे. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा विझलेला असला पाहिजे. तो लाल लुकलुकत असेल, तर कंपनीकडून येणारा प्रकाश राउटरपर्यंत पोहोचत नाही. तार शटरखाली चेपली आहे का, उंदराने कुरतडली आहे का, खिळ्याला काटकोनात वळली आहे का, ते पाहावे. फायबरमध्ये काचेचा तंतू असतो, तो साध्या तारेसारखा मुडपता येत नाही. तुटलेल्या टोकात डोळा लावून पाहू नये, त्यातील न दिसणारा प्रकाश डोळ्याला घातक ठरू शकतो. हा दिवा लाल असताना राउटर दहा वेळा बंद-चालू करणे व्यर्थ आहे. सरळ तक्रार नोंदवावी.

पॉनचा दिवा ठीक आहे आणि तरी नेट नाही, तर आधी योजनेची मुदत संपली का ते पाहावे. मग राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा सुरू करावा आणि चार मिनिटे थांबावे. राउटरच्या मागील बारीक छिद्रातील रीसेटचे बटण मात्र सुई घालून दाबू नये. त्याने कंपनीने भरलेली सर्व माहिती पुसली जाते आणि चालू होऊ शकणारे नेटही बंद पडते.

विजेचाही विचार करावा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण राउटर बंद पडतो. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घेतला तर हे काम अडत नाही. मात्र त्याचे व्होल्ट राउटरवर छापलेल्या आकड्याशी जुळवून घ्यावेत. दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर केवळ पिन बसते म्हणून लावू नये. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला राउटर तापून वारंवार बंद पडतो. त्याला हवेशीर जागा द्यावी. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा.

दोष पलीकडे असेल तर

इतर सर्व पाने उघडतात आणि एकच पान उघडत नाही, तर घरात काहीही बिघडलेले नाही. शेवटच्या दिवशी देशभरातील व्यापारी एकाच पोर्टलवर येतात तेव्हा असे होते. यावर उपाय राउटरमध्ये नाही, कॅलेंडरमध्ये आहे. विवरणपत्र १५ तारखेच्या आत भरण्याची सवय लावावी. तसे न जमल्यास पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करावा.

एक सावधगिरी

नेट बंद पडल्यावर घाईत मोबाइलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळेल त्या क्रमांकावर फोन करू नये. ठग तेथे खोटे क्रमांक टाकून ठेवतात. क्रमांक नेहमी आपल्या बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अॅपमधूनच घ्यावा. फोनवरील माणूस लॅपटॉपचा ताबा देणारे अॅप उतरवण्यास सांगू लागला किंवा ओटीपी मागू लागला, तर फोन ठेवून द्यावा. वायफाय दुरुस्त करायला बँकेचा ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी, दुकानात उधारीची वही असते तसे एक पान नेटसाठी ठेवावे. कंपनीचा खरा क्रमांक, ग्राहक क्रमांक, योजनेची मुदत, वायफायचा पासवर्ड आणि प्रत्येक बिघाडाची तारीख व कारण त्यावर लिहावे. तक्रार करताना ‘नेट चालत नाही’ एवढेच सांगू नये. ‘मोबाइलवरही चालत नाही, राउटरजवळही चालत नाही, एलओएसचा दिवा लाल आहे’ असे सांगावे. ऐकणाऱ्याला तार तपासायचे कळते आणि चार प्रश्न वाचतात. हे पान दुकानातील पोराला व घरातील मुलीलाही दाखवून ठेवावे, म्हणजे मालक गावाला गेला असला तरी काम अडून राहणार नाही.