धबधबा आणि वर्षावास

नवी मुंबईकरांना धबधबा पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. पावसाने जोर धरला की खारघरच्या डोंगरात सुमारे 107 मीटर उंचीचा पांडवकडा कोसळू लागतो. तरुण मनाला त्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. तथापि 2019 च्या ऑगस्टमध्ये येथेच चार महाविद्यालयीन विद्यार्थिनी प्रवाहात वाहून गेल्या. 2021 च्या जुलैत खारघरच्या डोंगरात ओढ्यापलीकडे अडकलेल्या शंभराहून अधिक लोकांची अग्निशमन दलाने सुटका केली. पावसाळ्यात तेथे जाण्यास बंदी का असते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांनी बनलेला काळा कातळ आहे. तो पाणी फारसे मुरू देत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस अनेक घळींतून धावत एका ओढ्यात एकवटतो. त्यामुळे खाली ऊन असतानाही वर सर कोसळली, तर काही मिनिटांत घोट्याएवढे पाणी कमरेएवढे होते. पाणी गढूळ होणे, पालापाचोळा वाहून येणे आणि आवाज वाढणे या त्याच्या खुणा होत. त्या दिसताच प्रवाहाबाहेर पडून उंच जागी जावे. मात्र कधीकधी खुणा उमटण्याआधीच लोंढा येतो. वेगाचे पाणी गुडघ्याएवढे असले तरी माणसाला पाडते. कड्याखालच्या डोहात पाणी घुसळत राहते, शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही. तेथे पट्टीचा पोहणाराही हतबल होतो.

या सह्याद्रीत आपल्या पूर्वसूरींनी पाण्याशी वैर न करता वास्तव्य केले. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी असलेल्या कोंडाणे लेण्यांच्या दर्शनी भागावरून पावसाळ्यात धारा कोसळतात. तेथील शिलालेखात कान्हाचा शिष्य बलक याचे नाव आहे. कान्हेरीच्या डोंगरातून ओढा वाहतो. त्याच्या काठच्या शंभराहून अधिक लेण्यांत पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत साठवले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले असून त्यांच्या दानाची नोंद आढळते. ज्या पाण्याने जीव घ्यावा, तेच अडवून जीव जगवण्याचे ते शहाणपण होते.

वर्षावासाचा नियमही याच शहाणपणातून आला. विनयपिटकातील कथेनुसार, भर पावसात फिरणारे भिक्खू हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, पक्षीसुद्धा या दिवसांत घरटे धरून राहतात, असा बोल लोकांनी लावला. तेव्हा राजगृही तथागतांनी पावसाळ्यात एका जागी राहण्याची अनुज्ञा दिली. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने आपण आजही पाळतो. विशेष हे, की विहार पाण्याने वाहून गेला तर तो सोडून जाण्यात दोष नाही, असेही विनय सांगतो. नियम जिवांच्या रक्षणासाठी आहे, हट्टासाठी नव्हे.

मग मुलांनी धबधबे पाहूच नयेत काय? अवश्य पाहावेत. पावसाळ्यात ते सुरक्षित अंतरावरून, बंदीचा मान राखून पाहावेत. वर्षावास संपल्यावर, पाऊस ओसरल्यावर, जाणत्या मार्गदर्शकासह कोंडाणे, कान्हेरीची वाट धरावी. कोठे जातो व केव्हा परततो हे घरी सांगून निघावे. प्रवाह ओलांडण्याची वेळ आली तर मागे फिरावे. कोणी वाहू लागले तर स्वतः उडी न घेता दोर, काठी वा ओढणी फेकावी आणि 112 वर मदत मागवावी.

निवासी विद्यालयात मूल सोपवणारे आईवडील आपला जीवच सोपवत असतात. ते मूल मोठे होऊन मित्रांसह डोंगराकडे निघेल, तेव्हा सोबत शिक्षक नसतील. त्या क्षणी ‘येथून पुढे नको’ असे म्हणण्याचे बळ त्याच्या अंगी असावे. अप्पमाद, म्हणजे सदैव जागरूकता, या शिकवणीची खरी परीक्षा ओढ्याच्या काठावर होते.