संगणकाची मंदगती आणि ॲंटिव्हायरस : निदान आधी, उपाय नंतर



प्राथमिक शाळेत संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. पटावरील विद्यार्थ्यांची नोंद, यू-डायसची माहिती, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीची आवेदनपत्रे ही सारी कामे त्यावरच होतात आणि मुलांचा संगणकाचा तासही त्याच एका यंत्रावर घ्यावा लागतो. शालाभेटीच्या वेळी मात्र एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "संगणक सुरू होईपर्यंतच तास संपत येतो. ॲंटिव्हायरसमुळे तो जड झाला आहे. काढून टाकला तर चालेल काय?"

प्रश्नामागील अडचण खरी आहे. तरीही त्याचे उत्तर घाईने देऊ नये. वर्गातील एखादे मूल वाचनात मागे पडत असेल, तर आपण त्याचे नाव पटावरून कमी करीत नाही. दोष दृष्टीचा आहे, अक्षरओळखीचा आहे की उपाशीपोटी शाळेत येण्याचा आहे, हे आपण आधी पाहतो. संगणकाच्या बाबतीतही निदानाची हीच पद्धत उपयोगी पडते.

१. ॲंटिव्हायरस काय करतो?

त्याची कामे मुख्यतः तीन. पहिले काम सततच्या पहाऱ्याचे. आपण एखादी फाइल उघडली की ती घातक प्रोग्रॅमच्या ज्ञात ओळखचिन्हांशी ताडून पाहिली जाते. दुसरे काम ठरावीक काळाने करावयाच्या संपूर्ण तपासणीचे. तीत डिस्कवरील प्रत्येक फाइल वाचली जाते. तिसरे काम इंटरनेटवरून नवी ओळखचिन्हे मिळवून स्वतःस अद्ययावत ठेवण्याचे. या प्रत्येक कामासाठी प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचा वापर होतो. म्हणून थोडी मंदगती स्वाभाविक समजावी. काम अडून बसत असेल, तर मात्र काही तरी बिघडले आहे असे मानावे.

२. पहारा का हवा?

१९८६ साली लाहोर येथील दोन बंधूंनी तयार केलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीमधून एका संगणकावरून दुसऱ्यावर जात असे. त्याच्यामुळे फ्लॉपीचे काम मंदावत असे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज फ्लॉपीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. शाळेतून केंद्रशाळेत, तेथून झेरॉक्सच्या दुकानात आणि परत शाळेत असा त्याचा प्रवास अखंड चालू असतो.

१२ मे २०१७ रोजी पसरू लागलेल्या 'वॉनाक्राय' या प्रोग्रॅमने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांस रुग्णांच्या नियोजित भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या उणिवेतून हा प्रोग्रॅम शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसिद्ध केली होती. ती ज्यांनी वेळेवर घेतली नव्हती, त्यांचे नुकसान झाले. आपल्या शाळेतील नोंदींची दुसरी प्रत नसेल, तर अशा प्रसंगी वर्षाचे श्रम एका दिवसात वाया जातील.

३. निदान कसे करावे?

संगणक सुरू करावा आणि घड्याळ पाहून १५ मिनिटे थांबावे. सुरुवातीच्या काही मिनिटांतील गडबड पुष्कळदा आपोआप शमते. नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली असता 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात. रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले की सर्वाधिक वापर करणारा प्रोग्रॅम वर येतो. विंडोजमधील अंगभूत 'डिफेंडर'चे नाव तेथे 'ॲंटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' असे दिसते. वर ॲंटिव्हायरस नसून दुसराच प्रोग्रॅम आढळला, तर ॲंटिव्हायरसवर ठेवलेला ठपका मागे घ्यावा.

४. कारणे व उपाय

(अ) दोन पहारेकरी : संगणकासोबत मुदतीपुरता मिळालेला एक ॲंटिव्हायरस आणि नंतर कोणी बसवून दिलेला दुसरा, अशी स्थिती कित्येक शाळांत असते. मग एकाने उघडलेली फाइल दुसरा तपासतो आणि यंत्राची दमछाक होते. 'विंडोज सिक्युरिटी'मधील 'मॅनेज प्रोव्हायडर्स' येथे कोणकोणते ॲंटिव्हायरस आहेत, हे पाहावे. एकच ठेवावा. दुसरा 'सेटिंग्ज'मधील 'ॲप्स' या विभागातून रीतसर काढावा व संगणक पुन्हा सुरू करावा. नुसता फोल्डर पुसून टाकू नये. बाहेरचे सर्व ॲंटिव्हायरस काढले, तर डिफेंडर आपोआप कामास लागतो. तो लागला आहे याची खात्री मात्र करून घ्यावी.

(आ) तपासणीची चुकीची वेळ : संपूर्ण तपासणी रात्रीची ठरविलेली असते आणि रात्री शाळेतील संगणक बंद असतो. अनेक प्रोग्रॅम चुकलेली तपासणी पुढच्या वेळी संगणक सुरू होताच हाती घेतात, म्हणजे नेमकी आपल्या कामाच्या वेळी. यास्तव ती मधल्या सुट्टीत किंवा शनिवारी शाळा सुटल्यावर, संगणक चालू ठेवून, करावी.

(इ) साचलेली अद्ययावतता : दीर्घ सुट्टीनंतर संगणक उघडला की विंडोज व ॲंटिव्हायरस दोघेही मागील सारी दुरुस्ती एकदम उतरवून घेऊ लागतात. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी संगणक इंटरनेटला जोडून दोन-तीन तास चालू ठेवल्यास पहिल्या दिवशीची अडचण टळते.

(ई) अपुरी मेमरी व जुनी डिस्क : मेमरी कमी पडली की विंडोज डिस्कचाच मेमरीसारखा वापर करते आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर हे काम फार सावकाश होते. डिस्कचा रकाना सतत १०० टक्क्यांजवळ राहत असेल, तर 'स्टार्टअप' विभागातील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत आणि डिस्कवर जागा मोकळी करावी. एवढ्याने न भागल्यास हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी व मेमरी वाढवावी. नवा संगणक मागण्यापूर्वी हा उपाय शाळा व्यवस्थापन समितीपुढे अवश्य मांडावा.

(उ) प्रत्यक्ष लागण : मंदगतीचे कारण पहारेकरी नसून चोरही असू शकतो. पेनड्राइव्हमधील फोल्डर अचानक 'शॉर्टकट' बनले, अनोळखी प्रोग्रॅम उघडू लागले, तर डिफेंडरची 'ऑफलाइन स्कॅन' ही तपासणी करावी. आधी उघड्या फाइली जतन कराव्यात, कारण तीत संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच डिस्क तपासली जाते.

५. काय करू नये?

सततचा पहारा कायमचा बंद करू नये. तपासणीतून वगळावयाच्या यादीत संपूर्ण सी ड्राइव्ह, 'डाउनलोड्स' फोल्डर किंवा पेनड्राइव्ह घालू नये. तसे करणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय. 'तुमचा संगणक वेगवान करा' अशा जाहिरातींतील प्रोग्रॅम घेऊ नयेत. फुकटात मिळालेली चोरटी प्रत बसवू नये. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारे नियमित विनामूल्य पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ज्या शाळेत तीच आवृत्ती आहे, तिने पुढील व्यवस्थेचा विचार लांबणीवर टाकू नये.

६. नोंदवहीचे महत्त्व

एका वेळी एकच बदल करावा, हा या सर्व विवेचनाचा गाभा आहे. एकाच दिवशी चार गोष्टी बदलल्या आणि संगणक सुधारला, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. बिघडला, तर दोष कोणाचा हेही कळत नाही. साध्या वहीत चार रकाने आखावेत : दिनांक, सुरू होण्यास लागलेली मिनिटे, केलेला बदल आणि बदलानंतर लागलेली मिनिटे. वेळ मोजण्याचे काम वरच्या वर्गातील मुलांकडे सोपवावे. घड्याळ पाहणे, वजाबाकी, स्तंभालेख आणि कारण-परिणामाचा विचार असे चार पाठ त्यांना एकाच कामातून मिळतील.

प्रत्येक बदलापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत स्वतंत्र पेनड्राइव्हवर घ्यावी. तो संगणकाला कायम जोडून न ठेवता मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा.

पुढील शिक्षण परिषदेस येताना ही नोंदवही सोबत आणावी. चर्चेसाठी प्रश्न : (१) आपल्या संगणकावर किती ॲंटिव्हायरस आढळले? (२) संपूर्ण तपासणीची वेळ कोणती होती व ती कोठे हलविली? (३) कोणत्या एका बदलाने सर्वाधिक मिनिटे वाचली?

वाचलेले प्रत्येक मिनिट मुलांच्या हाती कळफलक राहण्याच्या वेळेत भर घालील. मात्र त्या मुलांची जन्मतारीख, पत्ता व गुण यांच्या नोंदीही त्याच यंत्रात आपल्या विश्वासावर ठेवलेल्या आहेत. वेग आणि सुरक्षितता या दोन्हींची जबाबदारी आपलीच आहे.