‘सोअर’ जपून वापर

मुक्ता,

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेलं तुझं आलेखाचं उत्तर वाचलं. मेहनत दिसते, पण काळजीही वाटली. भारताचा साक्षरतेचा दर २००१ मध्ये ६४.८४ टक्के होता, २०११ मध्ये जनगणनेच्या प्राथमिक आकड्यांनुसार ७४.०४ झाला. या वाढीला तू ‘सोअर्ड’ म्हणालीस आणि पुढे ‘ड्रॅमॅटिकली’ही जोडलंस. कांदा किलोमागे दोन रुपयांनी महागला तर आपले पेपर ‘भाव वधारले’ म्हणतात. ‘भडकले’ म्हणायला तो दुपटीवर जावा लागतो. मराठीतली ही जाण तुला आहेच, इंग्रजी लिहितानाही ती वापर. दहा वर्षांच्या त्या वाढीला ‘रोझ स्टेडिली’ पुरे. ‘प्लमेट’ म्हणजे कोसळणं; तो शब्द हवाच असेल तर २० एप्रिल २०२० आठव. त्या दिवशी अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा पिंपामागे उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तिथे तो शब्द शोभतो.

क्लासमधल्या शब्दांच्या याद्या पाठ कर, माझी ना नाही. पण परीक्षक भारदस्त शब्द मोजत बसत नाही, तो शब्द आकड्याला लागू पडतो का ते पाहतो. आणि खरी चूक होते ती शब्दाशेजारच्या एवढ्याशा अव्ययात. ‘रोझ टू’ म्हणजे तिथवर पोचलं, ‘रोझ बाय’ म्हणजे तेवढ्यानं वाढलं. तू ‘रोझ बाय ७४’ लिहिलंस, त्यानं सगळा आलेखच खोटा ठरला. नाम वापरलंस तर किती वाढ ते ‘ऑफ’नं सांगायचं, कशात वाढ ते ‘इन’नं. शिखराच्या आकड्याला ‘पीक्ड ॲट’. ‘राइज’ आपलं आपण होतं, ‘रेझ’ कुणीतरी करतं. किमती ‘रेझ’ झाल्या असं लिहू नकोस.

आणखी एक, कारण इथे हुशार मुलंही फसतात. ६४.८४ वरून ७४.०४ ही वाढ ९.२ टक्के नव्हे, ९.२ ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची. टक्क्यांत मोजलीस तर ती १४ च्या आसपास जाते. तसंच वाक्याचा कर्ता तपास. ‘महाराष्ट्र वाढला’ असं होत नाही. महाराष्ट्रातला दर वाढतो, संख्या वाढते.

आलेखाच्या या भागाला वीस मिनिटं आणि किमान दीडशे शब्द. दुसऱ्या भागातल्या निबंधाचं वजन याच्या दुप्पट, म्हणून इथे रेंगाळू नकोस. शब्दसंपत्ती ही चार कसोट्यांपैकी एकच. सगळा आलेख मिळून काय सांगतो, हे दोन वाक्यांत मांडायचं तू विसरलीस, आणि त्याचे गुण कुठल्याही क्रियापदानं भरून निघत नाहीत.

हेच उत्तर पुन्हा लिही. आधी आकड्यांखाली पेन्सिलीनं मराठीत लिही: किंचित, सावकाश, झपाट्यानं, जैसे थे. मग इंग्रजी शब्द शोध. रविवारपर्यंत पाठव, मी वाट पाहते.

तुझी,
मावशी