थंडीत गोठणारे डिझेल

पौष महिन्यात आपल्या गोमंतकातही पहाटे गारवा पडला, की बाटलीतील खोबरेल थिजून पांढरे होते व किंचित ऊब मिळताच पूर्ववत् पातळ होते. कडाक्याच्या थंडीत डिझेलच्या मोटारीवर जे संकट ओढवते, त्याचे मर्म काहीसे असेच आहे.

डिझेलमध्ये पॅराफिन नावाच्या मेणाचा अंश विरघळलेला असतो. हे मेण निरुपयोगी नव्हे. ते उत्तम जळते. परंतु तापमान उतरू लागले म्हणजे त्याचे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि तेल गढूळ दिसू लागते. थंडी आणखी वाढली, की हे स्फटिक एकमेकांत गुंतून त्यांचे जाळे होते व अखेरीस तेल वाहीनासे होते. इंजिन मात्र त्यापूर्वीच बंद पडते. कारण फिल्टरची छिद्रे मेणाने बुजतात. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते!

यावर उपाय म्हणून डिझेलमध्ये अल्प प्रमाणात विशिष्ट रसायने मिसळतात. ती मेण नाहीसे करीत नाहीत. स्फटिकांना मोठे होऊ न देता बारीक ठेवतात, म्हणजे ते फिल्टरमधून पार होतात. मात्र हे औषध तेल पातळ असतानाच घालावे लागते. एकदा मेण धरल्यावर ते घालून फारसा उपयोग होत नाही; मग गाडी उबदार जागी नेणे हाच मार्ग उरतो. टाकीखाली जाळ करणे हे तर प्राणघातक साहस होय.

केरोसीन मिसळूनही डिझेल थंडीत पातळ राहते. परंतु इंधनपंपाला वंगण पुरविण्याचे कामही डिझेलच करीत असते. केरोसीनचा वंगणगुण कमी असल्याने पंप झिजतो.

ही केवळ पाश्चात्त्य देशांची चिंता नव्हे. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली कितीतरी उतरतो. तेथे वाहन अडणे म्हणजे रुग्णाचा, धान्याचा नि सैनिकांच्या रसदीचा मार्ग अडणे. म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने तेथे खास हिवाळी डिझेल उपलब्ध केले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे इंधन उणे ३३ अंश सेल्सिअसपर्यंत वाहते राहते.

विद्यार्थी मित्रहो, खोबरेलाची बाटली उन्हात ठेवून आपले काम भागते. हिमालयातील घाटात अडकलेल्या चालकाला ती सोय नसते. त्याची सुटका प्रवासापूर्वी, टाकी भरतानाच, व्हावी लागते.