आशाताईंच्या वर्गात शिकले ते

बीड जिल्ह्यात आशाताईंना प्रशिक्षण देण्याचं काम मी बारा वर्षं करते आहे. त्याआधी दवाखान्यात परिचारिका होते. आजारी माणूस समोर आला की काय करायचं, हे मला पाठ होतं. माणसं आजारीच पडू नयेत म्हणून दुसऱ्या कुणाला तयार कसं करायचं, हे मात्र मी वर्गात उभी राहून, चुकत चुकत शिकले. त्यातलं मनात राहून गेलेलं सांगते.

१. हात धुवायला दोन्ही हात मोकळे लागतात, हे मला एका अंगणात कळलं. वर्गात मी नळाखाली हात धरून सगळ्या पायऱ्या दाखवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका ताईंबरोबर बाळंतिणीच्या घरी गेले. बाळंतपण दवाखान्यात झालं की तिसऱ्या दिवसापासून ४२व्या दिवसापर्यंत घरी ६ भेटी द्यायच्या असतात. त्यातली ही पहिली. घरात नळ नव्हता. टँकरचं पाणी पिंपात आणि पिंपावर तांब्या. एका हातात तांब्या धरला तर हात चोळायचे कसे? ताईंनी सासूबाईंना हाक मारली, "मावशी, जरा हातावर पाणी घाला." स्वतःचे हात धुऊन झाल्यावर तांब्या आपल्याकडे घेतला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही धुवा." मग नणंदेची पाळी आली. पुढच्या वर्गापासून मी नळ सोडला आणि तांब्या घेतला.

२. प्रश्न बरोबर असला तरी उत्तर चुकीचं येऊ शकतं. तिशीपुढच्या प्रत्येकाच्या आजाराच्या धोक्याचा तक्ता भरताना तंबाखूबद्दल विचारायचं असतं. एक आजी ठामपणे म्हणाल्या, "नाही बाई, तंबाखू कधी तोंडात घातली नाही." मी 'नाही'वर खूण करणार, तोच ताईंनी विचारलं, "आजी, दात कशानं घासता?" "मिसरीनं की!" "दिवसातून किती वेळा?" "चार-पाच." मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण आजींच्या लेखी ते दात घासणं होतं. तोंडाच्या तपासणीसाठी त्यांचं नाव त्या एका प्रश्नामुळे लागलं. तो प्रश्न माझ्या टिपणांत नव्हता. आता पहिल्या पानावर आहे.

३. प्रशिक्षणाचं वेळापत्रक गावाच्या वर्षाप्रमाणे लावावं लागतं. एका डिसेंबरात मी गरोदर बायकांच्या तपासणीवर वर्ग घेतला. सगळ्या निमूट ऐकत होत्या. शेवटी एक ताई म्हणाल्या, "मॅडम, पण बाया आहेत कुठं गावात?" सगळ्या ऊसतोडीला गेलेल्या. तिथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी आली की निघायचं. पोटुशी असली तरी बाई फडात जाते. तेव्हापासून हा विषय आम्ही दसऱ्याच्या आत घेतो. लोहाच्या गोळ्या पुरेशा बांधून द्यायच्या, लेकरांच्या राहिलेल्या लसी टोचून घ्यायच्या. आणि माता-बाल संरक्षण कार्ड गाठोड्याच्या तळाशी न ठेवता वर ठेवायला सांगायचं, म्हणजे कारखान्याजवळच्या उपकेंद्रात पुढची लस कोणती ते कळतं.

४. कमी शिकलेली बाई कमी कुशल असते, हा समज मी घेऊन आले होते. तो नवजात बाळाचे श्वास मोजताना गळून पडला. तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून पूर्ण मिनिटभर मोजायचा. ६० किंवा त्याहून जास्त भरला तर पुन्हा मोजायचा. घाईच्या सवयीनं मी अर्धं मिनिट मोजून दुप्पट करत असे. सातवी शिकलेल्या एका ताईंनी मला थांबवलं. "मॅडम, पुरं मिनिट." गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली. त्यातून बाळांचे मृत्यू किती कमी झाले, हे १९९९ साली जगापुढे आलं. हे मी वाचलेलं होतं. त्यावर विश्वास बसला तो त्या दिवशी.

५. एकदा शिकवून भागत नाही. पाच दिवसांचा वर्ग, हजेरी, चहा, प्रमाणपत्र. आणि तीन महिन्यांनी बघावं तर निम्मं विसरलेलं. मला वाईट वाटे, कधी रागही येई. आमच्या शेजारीच जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या. त्या आठवड्याच्या आठवड्याला जमत, गावात काय अडलं ते एकमेकींना सांगत आणि त्यातूनच शिकत. मीही मासिक बैठकीतला पहिला तास मोकळा ठेवू लागले. त्या तासात मी बोलत नाही. "या महिन्यात कुठलं दार उघडलं नाही?" एवढंच विचारते.

६. जो आजार झालाच नाही, त्याबद्दल आभार मानायला कुणी येत नाही. ताप उतरवणाऱ्या डॉक्टरांना गाव हात जोडतं. जिच्यामुळे जुलाब लागलेल्या लेकराला वेळेवर जलसंजीवनी मिळाली आणि सलाईनची पाळीच आली नाही, तिचं नाव निघत नाही. सरकारदरबारीही ती स्वयंसेविकाच. हे ओझं घेऊन ती दारोदार हिंडते, याचा मी फार उशिरा विचार केला. एकदा यंत्र शिकवताना सगळ्यांचा रक्तदाब मोजला. चौघींचा १४०/९० च्या वर निघाला. सगळ्या तिशीपुढच्या. अख्ख्या गावाचे तक्ते त्यांनी भरले होते. स्वतःचा एकीनंही भरलेला नव्हता.

आता प्रत्येक वर्गाची सुरुवात आम्ही तिथूनच करतो: आधी ताईंचा स्वतःचा तक्ता, मग गावाचा. तुमच्या दारी आशाताई आल्या तर त्यांना बसवा, पाणी द्या आणि त्यांचं पुरतं ऐकून घ्या. निघताना एवढं विचारा, "ताई, तुमचा बीपी कधी मोजला होता?"