प्रिंटर चालूच होत नाही? आधी टेपरेकॉर्डरची वायर शोधा

गेल्या जुलैत, विवरणपत्र भरायची मुदत दोन दिवसांवर आलेली असताना आमच्या घरच्या प्रिंटरने डोळे मिटले. दिवा नाही, आवाज नाही. मेकॅनिक आला, त्याने प्रिंटर भिंतीपासून पुढे ओढला, मागची वायर अंगठ्याने आत दाबली आणि व्हिजिटचे ४०० रुपये घेऊन गेला. फरशी पुसताना टेबल सरकलं होतं, एवढंच. तुमचे ४०० वाचावेत म्हणून हा उपद्व्याप.

सुरुवात बिनखर्चाने. बरेच नवे प्रिंटर काही तास काम मिळालं नाही की आपोआप बंद होतात. काहींचं बटण एक-दोन सेकंद दाबून धरावं लागतं, टिचकी मारून भागत नाही. एवढ्याने जाग आली नाही तर एक्स्टेंशन बोर्ड, स्पाइक गार्ड, यूपीएस अशी मधली सगळी मंडळी बाजूला करून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. सॉकेटची परीक्षा टेस्टरने करू नका. टेस्टर फक्त फेज दाखवतो, न्यूट्रल तुटलेली असली तरी तो खुशाल पेटतो. मोबाइलचा चार्जरही इतक्या कमी करंटवर चालतो की पत्ती सैल असली तरी कळत नाही. त्याच सॉकेटला इस्त्री लावून पाहा.

वीज येत असेल तर वायर काढा, प्रिंटरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटांनी पुन्हा जोडा. व्होल्टेज खालीवर झाल्यावर काही पॉवर सप्लाय स्वतःला कुलूप लावून घेतात. ते असं उघडतं.

आता वायर. घरगुती इंकजेट आणि इंक टँक प्रिंटरला बहुधा आठच्या आकड्यासारखी दोन भोकांची वायर असते. दुकानात ‘टेपरेकॉर्डरची वायर’ म्हणा, लगेच मिळेल. लेझरला कॉम्प्युटरची तीन पिनांची. घरात दुसरी असेल तर अदलाबदल करून पाहा. विकत घेतली तरी साधारण ८० ते २०० रुपये. पुण्यात तापकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर कोपऱ्यावरचं इलेक्ट्रिकचं दुकान. बाहेर वेगळा अ‍ॅडॉप्टर असलेल्या मॉडेलला मात्र लॅपटॉपचा चार्जर चिकटवू नका. एचपीच्या काही जुन्या प्रिंटरांचा अ‍ॅडॉप्टर ३२ आणि १६ असे दोन व्होल्टेज एकाच वेळी देतो. मागच्या लेबलवरचे आकडे जुळवूनच नवा घ्या. खर्च ६०० ते १,५०० रुपये.

वायर बदलूनही निर्जीवच असेल, तर दोष आतल्या पॉवर सप्लायमध्ये असण्याची शक्यता मोठी. इथे स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. २३० व्होल्टच्या विजेवर त्यातला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तसाच राहू शकतो. वळवाच्या पावसात खांबावरची न्यूट्रल तुटली की घरात तीनशे-चारशे व्होल्ट घुसू शकतात आणि पहिला बळी जातो तो याच पॉवर सप्लायच्या कार्डातल्या फ्यूजचा आणि व्हॅरिस्टरचा. दोन्ही भाग दहा-वीस रुपयांचे. नुसता फ्यूज बदलला आणि मागचं शॉर्ट तसंच राहिलं तर तो पुन्हा उडणारच. जुना इलेक्ट्रॉनिक्सवाला असलं काम ४०० ते ८०० रुपयांत करतो. सर्व्हिस सेंटर अख्खं कार्ड बदलतं: इंकजेटला साधारण ९०० ते २,०००, लेझरला त्याहून जास्त, मजुरी वेगळी. पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे १,५०० चं काम १,७७० ला पडेल. अंदाज लेखी मागा आणि काढलेलं कार्ड परत मागा. मागितलं की भाव जरा माणसात येतो.

मुख्य बोर्ड गेलाय असं सांगून कोणी चार-पाच हजार मागितले तर मी नाही म्हणतो. नवा इंक टँक प्रिंटर ११ ते १५ हजारांना येतो. त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खर्च ठीक, तोही यंत्र चार वर्षांच्या आतलं असेल तर. कार्ट्रिजवाल्या चार हजारांच्या प्रिंटरवर वायरीपलीकडे पैसा घालू नये. निर्णय लांबवूही नका, कारण महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या इंकजेटचं हेड सुकतं आणि दुसरा खर्च उभा राहतो.

वॉरंटी बहुधा एक वर्षाची, काही इंक टँक मॉडेलना पानांची मर्यादाही असते. ती शिल्लक असेल तर गल्लीतल्या मेकॅनिकला झाकण उघडू देऊ नका. व्होल्टेजने जळालेलं वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर मिळू शकतं. ते लेखी घ्या. टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

लेझरवाल्यांनी प्रिंटर ६०० व्हीएच्या यूपीएसवरून काढावा. असा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो आणि लेझर गरम होताना त्याहून कितीतरी जास्त ओढतो. यूपीएस ट्रिप होतो आणि शिव्या प्रिंटरला बसतात.

इंक टँक दुरुस्तीला नेताना रिक्षात आडवा-तिरका करू नका, मांडीवर सपाट धरा. शाई सांडली की ती थेट त्या पॉवर सप्लायवर जाऊ शकते. शिवाय मांडीवर काळी पँट असलेली बरी.